गाडीला सूर लावताना...

नवीन गाडी घरात आली की हार घालून, नारळ फोडून, पेढे वाटून होतात न होतात तोच एक विषय हमखास निघतो. साउंड सिस्टीम कुठली टाकायची? सीटकव्हरचा रंग कुठला, डॅशबोर्डवर गणपती बसवायचा की साईबाबा, एवढं घरातल्या बायकांना विचारलं जातं. साउंडचा विषय मात्र बापलेकांचा, नाहीतर दीर-भावजींचा. 'तुला नाही कळायचं त्यातलं,' हे वाक्य ठरलेलं. आणि खरं सांगायचं तर, आपणही 'बरं बाई, घाला काय घालायचं ते' म्हणून मोकळ्या होतो.

पण मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? गाडीत तुम्ही कुठे बसता? बहुतेक घरांत उत्तर एकच. मागच्या सीटवर. एका मांडीवर धाकटं, शेजारी सासूबाई, पायाशी डबा आणि पाण्याची बाटली. आणि मोठाले लंबगोल स्पीकर कुठे असतात? मागच्या काचेखालच्या फळीवर. म्हणजे तुमच्या, मुलांच्या आणि आजीच्या डोक्यामागे, जेमतेम एक-दीड फुटावर! पुढे बसलेल्याला गाणं 'नीट ऐकू येत नाही' म्हणून तो आवाज वाढवतो, आणि त्याचा मारा होतो तो मागच्या कानांवर. प्रवासाला निघाल्यावर तासाभरात बाळ किरकिर का करतं आणि आपलं डोकं का धरतं, याचं एक कारण इथेही असू शकतं.

म्हणूनच हा विषय आपला आहे. गाडीतला आवाज मोठा नको, नीट हवा. आणि तो नीट करणं हे रॉकेट सायन्स नाही. शिवणाचा टेप, दहा नंबरचा पाना, तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणि दोन रविवार, एवढ्यावर बरंचसं काम घरच्या घरी होतं.

गाडीची पहिली वायर-दुरुस्ती

'वायरिंग हे बायकांचं काम नाही' असं कोणी म्हणालं तर त्यांना बर्था बेंझ यांची गोष्ट सांगा. मोटारगाडीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या कार्ल बेंझ यांच्या या पत्नी. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन त्या गाडी घेऊन निघाल्या. जर्मनीत मॅनहाइमहून फोर्झहाइमला, माहेरी! शंभरेक किलोमीटरचा तो जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास मानला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. वायर उघडी पडली, तर मोज्याच्या पट्ट्याने ती गुंडाळून पुढे गेल्या, असं सांगितलं जातं. म्हणजे रस्त्यात उभं राहून गाडीची वायर दुरुस्त करणारी पहिली व्यक्ती एक गृहिणीच होती, बरं का!

गाडीत गाणं यायला मात्र पुढे चाळीसेक वर्षं जावी लागली. १९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने परवडेल असा कार-रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं 'मोटोरोला'. पुढे हेच नाव मोबाइलमुळे आपल्या घराघरांत पोहोचलं.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

माझी एक मैत्रीण चिपळूणजवळच्या शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर गाडी स्वतः चालवते. गाडी जुनी, सेकंडहँड हॅचबॅक. बारावी झालेल्या लेकाने हट्ट धरला, दणदणीत बास हवा. दुकानदाराने कागदावर पस्तीस हजारांचा आकडा लिहून दिला. मागे दोन लंबगोल स्पीकर, डिकीत बारा इंची सबवूफर आणि '२००० वॅट'चा अॅम्प्लिफायर. मैत्रीण म्हणाली, "अरे, आपल्या मिक्सरवर ५०० वॅट लिहिलंय. तो फिरला तर शेजारच्यांना कळतं. दोन हजार वॅटने काय होईल?" लेक हसला, पण प्रश्न अगदी नेमका होता.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट हे क्षणभराचे, तेही कागदावरचे असतात. जुन्या टेपरेकॉर्डरवरचं 'पीएमपीओ' आठवतंय? ते मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती. ज्याला जो वाटेल तो आकडा! आज त्याच जागी 'मॅक्स' किंवा 'पीक' लिहिलेलं असतं. आपण बघायचा तो 'आरएमएस' वॅट, म्हणजे सतत, न फाटता मिळणारी ताकद. गाडीबरोबर येणाऱ्या साध्या स्टिरिओवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात एका स्पीकरला जेमतेम पंधरा-वीस आरएमएस वॅटच मिळतात. गाडीच्या चौदा व्होल्टवर चालणाऱ्या छोट्याशा चिपला त्याहून जास्त देता येतच नाही.

आणि गंमत म्हणजे, रोजच्या ऐकण्याला तेवढे पुरतातही! वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढा फरक नीट कान देऊन ऐकला तरच कळतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर ताकद जवळजवळ दहापट लागते. तेव्हा पैसे वॅटवर उधळण्याऐवजी कुठे घालायचे, ते बघू.

आधी दार, मग स्पीकर

गाडीचं दार म्हणजे काय? आतून पोकळ असा पत्र्याचा डबा. रिकाम्या डब्यावर टिचकी मारा, टण्ण आवाज येतो. त्याच डब्यात गच्च तांदूळ भरा आणि मग टिचकी मारा. आवाज बसका आणि घट्ट येतो. स्पीकर हलतो तेव्हा दाराचा पत्राही त्याच्याबरोबर हलतो आणि गाण्यात आपला खडखडाट मिसळतो. महागडा स्पीकर अशा दारात बसवणं म्हणजे फुटक्या घागरीत केशराचं दूध.

म्हणून पहिला खर्च दारावर. बाजारात डॅम्पिंग शीट मिळते. एका बाजूला अॅल्युमिनियमचा कागद, दुसऱ्या बाजूला चिकट, जड रबरासारखा थर. विचारताना 'ब्यूटाइलची' असं स्पष्ट विचारा. स्वस्तातली डांबराची शीट विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात वितळते, ओघळते आणि गाडीभर वास सुटतो.

काम असं करायचं. आधी बॅटरीची ऋण, म्हणजे काळी वायर दहा नंबरच्या पान्याने काढून ठेवायची. (काही गाड्यांचा स्टिरिओ नंतर कोड मागतो. तो आधीच लिहून ठेवा.) दाराचं आतलं कव्हर स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपांवर असतं. हँडलच्या वाटीत, टोपणाखाली लपलेले स्क्रू आधी शोधायचे. मग चपट्या स्क्रू-ड्रायव्हरला फडकं गुंडाळून एकेक क्लिप हळूच उचलायची. पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा करायचा, शीट चिकटवायची आणि जोर देऊन दाबायची. यासाठी छोटा रोलर मिळतो. पण माझ्या मैत्रिणीने एक जुनं लाटणं घेतलं आणि लेकापेक्षा सफाईने काम केलं. पोळ्या लाटणारा हात आहे तो! सबंध पत्रा झाकायची गरज नाही. मधला, जास्त थरथरणारा पाव भाग झाकला तरी मोठा फरक पडतो. हातात मोजे मात्र घाला, त्या कागदाच्या कडा सुरीसारख्या कापतात.

आपल्याकडच्या पावसाचं एक पथ्य इथे पाळायचं. काच वरखाली होते तिथून पावसाचं पाणी दारात शिरतंच आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं शीटने कधीही बुजवू नका, नाहीतर दार आतून गंजेल. आतला प्लास्टिकचा कागद फाडला असेल तर तो पुन्हा नीट चिकटवा. स्पीकरखाली बसवायची गोल रिंग साध्या एमडीएफची नको, एका पावसाळ्यात फुगून भाकरीसारखी होते. प्लास्टिकची किंवा मरीन प्लायची घ्या. स्पीकर आणि दाराच्या मध्ये फोमची पट्टी लावली की मागचा आवाज पुढच्या आवाजाला खात नाही.

आणि हो, गाडीला बाजूच्या एअरबॅग असतील तर पिवळ्या रंगाच्या वायरी आणि जोडण्यांना बिलकूल हात लावायचा नाही. काही गाड्यांच्या दारातच अपघात ओळखणारा सेन्सर असतो. अशा गाडीच्या दारातलं काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू नका, त्याऐवजी त्या गाडीचा तयार कपलर विकत मिळतो तो वापरा.

वायर म्हणजे घरातला फ्यूजच!

पुढच्या दोन दारांत चांगले साडेसहा इंची स्पीकर बसवले आणि मूळचाच स्टिरिओ ठेवला तरी बहुतेक घरांचं काम भागतं. मैत्रिणीच्या लेकाला अॅम्प्लिफायर हवाच होता. ती म्हणाली, "घेऊ. पण वायर मी बघणार." आणि हे तिने सगळ्यात शहाणपणाचं केलं. कारण खराब आवाजाने कोणाचा जीव जात नाही, खराब वायरिंगने जाऊ शकतो.

अॅम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीवरून येते. ती इंजिनाकडून गाडीच्या आत येताना पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी वायसर नसेल तर पत्र्याची धार वायरचं आवरण रोज थोडं थोडं कापत राहते. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं, आणि गाडीची बॅटरी क्षणात शेकडो अॅम्पिअर ओतते. वायर स्टोव्हच्या पिनेसारखी लाल होते. अशा वेळी वाचवतो तो फ्यूज, तोही बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवलेला. अॅम्प्लिफायरवर फ्यूज आहे म्हणून हा गाळायचा, असं चालत नाही. अॅम्प्लिफायरचा फ्यूज अॅम्प्लिफायर सांभाळतो. बॅटरीजवळचा वायर सांभाळतो. एक घराचा आणि एक गल्लीचा, असं समजा.

मैत्रिणीच्या चार गुणिले पन्नास आरएमएस वॅटच्या अॅम्प्लिफायरला ८ गेजची वायर आणि ३० अॅम्पिअरचा फ्यूज पुरला. वायर शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त वायरीत तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत अॅल्युमिनियम! ब्लेडने एक तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर तीच वायर दोन साइझ जाड घ्यावी लागेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर दोन्ही वायरी शेजारी शेजारी मागा, फरक हातातच कळतो.

अर्थिंगची वायर छोटी, दीड फुटाच्या आतली हवी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेली हवी. बॅटरीची वायर गाडीच्या एका कडेने आणि गाण्याची पातळ वायर दुसऱ्या कडेने न्यायची. दोन्ही एकत्र बांधल्या तर अॅक्सिलेटर दाबताच स्पीकरमधून डासासारखी 'कुंईं' ऐकू यायची शक्यता वाढते. सीएनजीची गाडी असेल तर टाकीच्या आणि नळीच्या आसपास एकही भोक पाडू नका.

सबवूफर हवा की डिकी?

बास म्हणजे खर्ज. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमार, ढोलाचा ठोका हे सगळं खालच्या टोकाला. इतके खालचे सूर काढायला मोठा पडदा आणि पुष्कळ हवा लागते, म्हणून सबवूफर आणि त्याची पेटी. पण बंद गाडी म्हणजे छोटी खोली, आणि छोट्या खोलीत खर्ज आपोआप फुगतो. त्यामुळे घरी लागेल त्याच्या मानाने गाडीत फारच थोडा बास पुरतो.

मैत्रिणीने लेकाला अट घातली. आधी दारं आणि पुढचे स्पीकर, मग आठ दिवस ऐकायचं, आणि मग सबवूफरचं बोलायचं. आठ दिवसांनी लेक म्हणाला, "आई, दारातूनच एवढा येतोय, बारा इंची नको." मग सीटखाली बसणारा आठ इंची छोटा सबवूफर आला. डिकी मोकळी राहिली, गणपतीला गावी जाताना तांदळाची पोती ठेवायला! मोठा हवाच असेल तर सगळ्या बाजूंनी बंद, १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची पेटी घरीही करता येते. बंद पेटीचा बास मोजका आणि नेटका असतो. नळी लावलेल्या पेटीचा मोठा असतो, पण तिचं माप चुकलं तर तो नुसताच घुमतो.

आता सूर लावायचा

इथवर हाताचं काम झालं. पुढचं काम कानाचं. तबलजी हातोडीने गट्टे ठोकत तबला सुरात आणतो, तसंच.

पहिलं, स्टिरिओमधले बास बूस्ट, लाउडनेस, 'रॉक', 'पॉप' हे सगळे चोचले बंद करून सगळं शून्यावर आणायचं.

दुसरं, स्पीकरचे अधिक-उणे तपासायचे. एक उलटा जोडला गेला तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि बास गायब होतो. हे ओळखायला स्टिरिओपासून सोडवलेल्या स्पीकरच्या वायरींना घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. अधिकला अधिक लागलं तर पडदा बाहेर येतो.

तिसरं, 'गेन'. अॅम्प्लिफायरवरचं हे बटण म्हणजे आवाजाचं बटण असा समज आहे, आणि त्यानेच सगळ्यात जास्त स्पीकर जळतात. स्टिरिओकडून आलेला सूर आणि अॅम्प्लिफायर यांची वरची मर्यादा जुळवणं, एवढंच त्याचं काम. गणित सोपं आहे. आरएमएस वॅटला स्पीकरच्या ओहमने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. ५० वॅट आणि ४ ओहम म्हणजे २०० आणि त्याचं वर्गमूळ साधारण १४ व्होल्ट. स्पीकर सोडवून ठेवा, गेन शून्यावर आणा, फिल्टर तात्पुरता बंद करा. १०० हर्ट्झचा नुसता सूर मोबाइलवर उतरवून तो पूर्ण पातळीवर वाजवा. स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळूहळू वाढवत १४ दिसले की थांबा. यापुढे गेलात तर सुराची गोलाई सपाट कापली जाते, आवाज फाटतो आणि स्पीकरची तार तापते.

चौथं, कामाची वाटणी. सबवूफर असेल तर ८० हर्ट्झच्या खालचं त्याच्याकडे आणि वरचं दारातल्या स्पीकरकडे द्यायचं. याला क्रॉसओव्हर म्हणतात. एकाच बाईने स्वयंपाकही करायचा आणि पाहुण्यांशी गप्पाही मारायच्या म्हटलं की दोन्ही बिघडतं ना? स्पीकरचंही तसंच. खालचं ओझं उतरलं की गळा मोकळा होतो.

पाचवं, शिवणाचा टेप. आपल्या गाडीत चालवणारा उजवीकडे बसतो. त्याच्या कानापासून उजव्या दाराचा स्पीकर समजा १०० सेंटिमीटरवर असेल आणि डाव्या दाराचा १४० वर, तर उजवीकडचा सूर आधी पोहोचतो आणि गायक उजव्या गुडघ्यापाशी बसल्यासारखा वाटतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. फरक ४० सेंटिमीटरचा, म्हणजे उजव्या स्पीकरला सुमारे १.२ मिलिसेकंद थांबवायचं. बऱ्याच नव्या स्टिरिओंत ही सोय असते. एवढं केलं की भीमसेनजींचा आवाज डॅशबोर्डच्या मधोमध, समोर बैठक मांडल्यासारखा येतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो!

पण थांबा. हे जुळवलं ते फक्त एका खुर्चीसाठी. शेजारच्या सीटवर तेच उलटं बसतं. म्हणून दोन सेटिंग साठवून ठेवा. एक एकट्याने चालवताना, दुसरं घरचे सगळे असताना, ज्यात वेळेची ही थांबवाथांबवी नाही. मैत्रिणीच्या गाडीत पहिल्याचं नाव 'शाळा' आणि दुसऱ्याचं 'सगळे' आहे.

शेवटी इक्वलायझर. त्याचा नियम मिठासारखा. जास्त पडलं तर काढता येत नाही, म्हणून आधीच हात आखडता घ्या. कमी वाटतं ते वाढवण्याऐवजी जास्त वाटतं ते उतरवा. आवाज कोंदट, मडक्यातून आल्यासारखा वाटला तर १०० ते २०० हर्ट्झ थोडं खाली. टोचरा, कर्कश वाटला तर २,००० ते ४,००० थोडं खाली. याच पट्ट्यात आपला कान सगळ्यात तिखट असतो. आणि परीक्षेला नवीन गाणं घेऊ नका. वर्षानुवर्षं ऐकलेलं, श्वासनिश्वास ओळखीचे झालेलं एखादं भावगीत घ्या. आशाबाईंचा आवाज कसा लागतो, हे तुमच्या कानाला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त माहीत आहे.

मागच्या सीटवरची परीक्षा

सगळं झालं की एक काम मात्र आपणच करायचं. मागच्या सीटवर, जिथे बाळ आणि आजी बसतात, तिथे जाऊन बसायचं आणि ऐकायचं.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं! लहान मुलांचं गणित याहून कडक. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये मोबाइलसारख्या उपकरणांवर गाणी ऐकण्यासाठी जे मानक दिलं, त्यात मोठ्यांना ८० डेसिबल आणि मुलांना ७५ डेसिबल, तेही आठवड्याला चाळीस तास, अशी मर्यादा आहे. कानातल्या ज्या नाजूक केसपेशी आवाजाने मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. गेलेलं ऐकणं कुठल्याच औषधाने परत येत नाही.

मोबाइलवर आवाज मोजणारं अॅप मिळतं. ते काटेकोर नसतं. पण अंदाजाला पुरतं. तेही नसेल तर साधी खूण लक्षात ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर गाणं जास्तच मोठं आहे. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर फारच जास्त. आणि मागून येणाऱ्या अॅम्ब्युलन्सचा भोंगा चालवणाऱ्याला ऐकू येत नसेल, तर प्रश्न फक्त आपल्या कानांचा राहत नाही.

उपाय काय? स्टिरिओमध्ये 'फेडर' नावाची सोय असते. तिने आवाज पुढे-मागे सरकवता येतो. मागचा इतका कमी करा, की तो आहे हे फक्त बंद केल्यावर कळावं. पुढचे स्पीकर चांगले बसले असतील तर मागच्यांची फारशी गरजच उरत नाही. मैत्रिणीने तर मागचे लंबगोल घेतलेच नाहीत. त्या पैशांत दारांचं काम झालं. आणि हायवेवर काचा खाली करून गाणं लावू नका. वारा आणि चाकांचा आवाज झाकायला गाणं आणखी चढवावं लागतं. काच वर केली की गाणं आपोआप खाली येतं.

चिठ्ठी लिहून ठेवा

* बॅटरीची काळी वायर आधी काढायची, शेवटी जोडायची.
* बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. फ्यूज उडाला तर कारण शोधा, तार गुंडाळून चालवू नका.
* बिलावर आरएमएस वॅट, स्पीकरचे ओहम आणि वायरचा गेज लिहून घ्या.
* दाराच्या तळाची भोकं उघडी ठेवा, पावसाळ्याआधी एकदा तपासा.
* खडखड शोधताना खालचा सूर वाजवून एकीने हाताने चाचपत जायचं. नंबरप्लेट, मागची फळी, दाराच्या खणातली चिल्लर, चोर बहुतेक यातच सापडतो. नंबरप्लेटमागे फोमची पट्टी पुरते.
* इंजिन बंद ठेवून तासन् तास गाणी नकोत, नाहीतर सकाळी धक्का मारायची वेळ येईल.
* रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ. रहिवासी भागात ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आपला बास शेजारच्या आजारी माणसाच्या खिडकीची काच हलवत नाही ना, एवढं बघा.

दुकानदाराकडूनच काम करून घेणार असाल तरी हे सगळं वाया जात नाही. 'फ्यूज कुठे बसवणार?', 'वायर तांब्याची की मुलाम्याची?', 'आरएमएस किती?' हे तीन प्रश्न विचारा आणि समोरच्याचा सूर कसा बदलतो ते बघा. 'ताईंना कळतं हं' असं तो पोराला हळूच सांगेल, आणि बिलातला एखादा आकडाही खाली येईल.

आता पुढचा रविवार धरा. गाडी सावलीत लावा, घरातल्या प्रत्येकाला एकेक सीट द्या आणि सगळ्यांच्या ओळखीचं एक गाणं लावा. कोणाला कसं ऐकू येतं ते विचारा. सुरुवात मागच्या सीटपासून करा.